रक्त आपलंच हवं : सांगलीतल्या एका कर्णबधिर जोडप्याचं प्रकरण

हे लिहिण्याआधी मी त्या दोघांची परवानगी घेतली. मसुदा त्यांना वाचायला दिला. त्याने दोन ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या, तेवढा मजकूर बदलला. घर ओळखू येईल असा तपशील गाळला आहे किंवा फिरवला आहे. सांगलीत कर्णबधिर मुलांच्या शाळेत मी २६ वर्षं शिकवलं आणि ही दोघंही माझ्याच वर्गातली, त्यामुळे मी इथे तटस्थ नाही. दवाखान्यात मी त्यांची दुभाषी म्हणून गेले होते. प्रश्न असा होता : होणाऱ्या बाळाला ऐकू यावं म्हणून गर्भ राहायच्या आधीच, भ्रूणातच, त्याचं जनुक बदलून घ्यावं का? जनुक म्हणजे शरीर कसं बांधायचं याची आईवडिलांकडून आलेली, जणू अक्षरांत लिहिलेली सूचना.

घर

तो कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर, म्हणजे धातूचे भाग कातायच्या यंत्रावर, काम करतो. ती घरीच ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. तो २९ वर्षांचा, ती २५ची. दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. ती त्याच्या मामाची मुलगी. आपल्याकडे मामाची मुलगी करणं नवलाचं नाही. मुलगी जन्मली की 'ही आमची' असं सांगून ठेवणारी घरं सांगली-साताऱ्यात अजून आहेत. या घरात तर तिच्या आईवडिलांचं लग्नही नात्यातलंच. का, असं विचारलं तर त्याची आई सरळ सांगते, "शेत घरात राहतं, पोरगी घरात राहती, रक्त घरात राहतं." सून त्यांना आत्या म्हणते. खुणेच्या भाषेत आत्यांचं नाव म्हणजे नाकपुडीवर टेकवलेलं बोट, त्यांच्या चमकीवरून पडलेलं. मीही इथे त्यांना आत्याच म्हणते.

हे लग्न मात्र आत्यांनी ठरवलेलं नव्हतं. दोघांनी शाळेतच एकमेकांना पसंत केलं होतं. दोन न ऐकणाऱ्यांचा संसार कसा व्हायचा म्हणून आत्यांना ते नको होतं, पण नात्याला नाही म्हणायला त्यांना तोंड नव्हतं.

प्रश्न कुठून आला

मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या एका बाळाची बातमी आली. यकृताच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी फक्त त्याच्याकरता म्हणून जनुक संपादनाचं औषध तयार केलं गेलं, आणि त्याच्या जनुकातलं चुकीचं एक अक्षर यकृताच्या पेशींत बदललं गेलं. आत्यांच्या पुण्यातल्या पुतण्याने त्याचा मराठी व्हिडिओ त्यांना दाखवला आणि वर स्वतःचं एक वाक्य जोडलं : आता तर बाळ पोटात जायच्या आधीच हे करून देतात.

सगळा घोटाळा त्या वाक्यात आहे. ते बाळ जन्मलेलं होतं, आजारी होतं, आणि उपचार त्याच्या यकृतापुरता होता. त्याच्या मुलांपर्यंत तो बदल जावा असा तो उपचारच नाही. फलित अंड्यात केलेला बदल शरीराच्या प्रत्येक पेशीत जाऊ शकतो, बीजांडात आणि शुक्राणूतही, म्हणजे तो नातवंडांच्या नातवंडांपर्यंत पोचतो. पहिल्यात एका रुग्णावर उपचार होतो. दुसऱ्यात रुग्ण अजून अस्तित्वातच नसतो.

पण आत्यांनी तोवर तासगावकडची दीड एकर विकायची तयारी केली होती. द्राक्षाची बाग होती ती. "जमीन परत घेता येती, पोराचं कान कुठनं आणायचं?" असं त्या मला म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत मी जे पाहिलं त्याला हौस म्हणता येणार नाही. मुलगा दीड वर्षांचा असताना, थाळी वाजवली तरी तो वळत नाही हे कळलं, तेव्हापासून ही बाई स्वतःला दोष देत आली आहे.

तपासणीत काय निघालं

पुण्याहून ठरावीक दिवशी मिरजेला येणाऱ्या आनुवंशिक रोगांच्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो. रक्ताच्या तपासणीत दोघांच्याही जीजेबी२ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत एकच बदल सापडला. आनुवंशिक बहिरेपणाच्या कारणांत हे जनुक जगभर वरच्या क्रमांकावर आहे, आणि या दोघांत निघालेला बदल भारतात वारंवार दिसणारा आहे. कानाच्या आतल्या शंखात पेशी एकमेकींना पोटॅशियम पुढे देत असतात. ते ज्या बारीक मार्गांनी जातं ते मार्ग बांधायचं प्रथिन या जनुकात लिहिलेलं असतं. प्रथिनाची लांबी २२६ घटकांची. या दोघांत चोविसाव्या घटकाच्या जागी एक अक्षर बदललंय आणि तिथेच 'थांबा' असा निरोप तयार झालाय. प्रथिन पुढे बांधलंच जात नाही. कानाची नस मात्र शाबूत असते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आई आणि वडील दोघेही नुसते वाहक असते, म्हणजे प्रत्येकाकडे एक प्रत बदललेली आणि एक चांगली असती, तर चारातल्या तीन मुलांना ऐकू येण्याची शक्यता असते. अशा जोडप्याला भ्रूण तपासून त्यातला निवडता येतो, संपादनाची गरजच पडत नाही. इथे दोघांकडे चांगली प्रत एकही नाही. दहा भ्रूण केले तरी दहाही तसेच, निवडायला काही उरत नाही. जगात भ्रूण संपादनाच्या बाजूने जो सगळ्यात भक्कम वैद्यकीय युक्तिवाद केला जातो तो अशाच जोडप्यांसाठी. आणि तो युक्तिवाद कुपवाडच्या एका लेथ ऑपरेटरच्या घरात, जमीन विकायच्या बोलण्यासकट येऊन बसला होता.

पहिली बैठक, आणि माझी चूक

खोलीत सहा खुर्च्या. डॉक्टर, आत्या, पुतण्या, ती दोघं, मी. चाळीस मिनिटं बोलणं झालं. डॉक्टर माझ्याकडे बघून बोलत होते, आत्या डॉक्टरांकडे बघून आणि पुतण्या मोबाइलकडे. ज्यांच्या बाळाविषयी हे सगळं चाललं होतं त्यांना एकच प्रश्न विचारला गेला : "समजलं का?" दोघांनी मान हलवली. कर्णबधिर माणूस अशी मान हलवतो तेव्हा बऱ्याचदा त्याला फक्त ती वेळ निभावायची असते. हे मला माहीत असूनही मी ती मान होकार म्हणून पुढे दिली.

'जनुक'ला आमच्याकडे रुळलेली खूण नव्हती. मी रक्त आणि धागा अशा दोन खुणा जोडून काम चालवलं. 'दोष' शब्द आला तेव्हा माझ्या हातांनी सवयीने 'खराब'ची खूण केली. नासलेल्या दुधाला, बिघडलेल्या पंख्याला जी करतो तीच. त्याने लगेच हात वर करून मला थांबवलं. विचारलं, "खराब कोण?"

मग आत्या म्हणाल्या, "घरात दोन मुकी हायती, तिसरं नको बाई. एवढं तुमी डॉक्टरास्नी सांगा." मी दोघांना खुणेने सांगितलं, "आत्यांना बाळाची काळजी वाटते."

रात्री त्याचा व्हॉट्सॲपवर निरोप आला : "बाई, आई बोलली वेगळं. तुम्ही हात वेगळं." २९ वर्षं तो आईचे ओठ वाचत आलाय. ते वाक्य त्याने आधीही वाचलेलं असणार. मी ते झाकलं म्हणून त्याला कमी लागलं असं काही झालं नाही. त्याच्यासमोर त्याच्याविषयी जे बोललं जातं ते कळण्याचा त्याचा हक्क तेवढा मी काढून घेतला. आपल्या संशोधनाच्या नियमावल्यांत जाणती संमती हा शब्द पानोपानी येतो. ती संमती दुभाष्याच्या हातातून जाते तेव्हा तो हात सोयीचा झाला तर सगळा कागद पोकळ होतो.

कागदावरून आठवलं. चीनमध्ये हे जियानकुई ('हे' हे त्याचं आडनाव) या संशोधकाने भ्रूणात जनुक संपादन करून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं, तेव्हा त्या आईवडिलांकडून घेतलेल्या संमतीपत्रात त्या प्रयोगाला एड्सची लस विकसित करण्याचा प्रकल्प म्हटलं होतं. वडिलांना एचआयव्हीची लागण होती, पण मुलांना ती होऊ नये यासाठी शुक्राणू धुऊन वापरण्याची साधी पद्धत आधीपासून उपलब्ध होती. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. ते प्रकरण वाचताना मला नेहमी त्या जोडप्यांची खोली दिसते. कोण कुणाकडे बघून बोलत असेल?

दुसरी बैठक

दुसऱ्या वेळी मी अटी घातल्या. डॉक्टर त्या दोघांच्या समोर बसतील, मी डॉक्टरांच्या शेजारी, म्हणजे चेहरा आणि हात दोन्ही एका नजरेत येतील. बोललेलं प्रत्येक वाक्य जाईल, कडू असलं तरी. आत्यांना हे आधीच सांगितलं. डॉक्टरांनी ते मनापासून मान्य केलं आणि पांढऱ्या कागदावर चित्रं काढत बोलले.

त्यांनी पहिल्यांदा कायद्याचं सांगितलं. भारतात भ्रूणाच्या जनुकात बदल करून गर्भधारणा करायला परवानगी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१९ च्या जनुक उपचार मार्गदर्शक तत्त्वांत ते स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्येच सगळ्या देशांच्या नियामकांना असं काम होऊ देऊ नका म्हणून सांगितलं. पुतण्या म्हणाला, "बाहेरच्या देशात?" तेव्हा डॉक्टरांनी रशियाची गोष्ट सांगितली. मला ती माहीत नव्हती. डेनिस रेब्रिकोव्ह या मॉस्कोच्या शास्त्रज्ञाने २०१९ मध्ये याच जनुकासाठी, याच कारणासाठी, अशाच कर्णबधिर जोडप्यांशी बोलणी सुरू केली होती. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने हे फार लवकर आहे असं सांगितलं, आणि परवानगीशिवाय पुढे जाणार नाही असं त्याला म्हणावं लागलं.

आपण एकटे नाही हे ऐकून त्या दोघांचे चेहरे पहिल्यांदा उजळले. रशियातल्या त्या जोडप्यांना काय वाटलं असेल, हे तिने दोनदा विचारलं.

मग त्याने प्रश्न टाकला. मी तो जसाच्या तसा देते, कारण एवढ्या वर्षांच्या शिकवण्यात इतका नेमका प्रश्न मला क्वचित कुणी विचारलाय. "लेथवर पहिला जॉब काढला की आम्ही मापून बघतो. मापात बसला नाही तर भंगारात. बाळ मापात बसलं नाही तर?"

डॉक्टर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, अडचण नेमकी तीच आहे. भ्रूणात बदल करताना काही पेशी बदलतात, काही नाही. तपासायला चार पेशी काढल्या तर उरलेल्यांचं त्यावरून सांगता येत नाही. जनुक कापणारी कात्री चुकीच्या जागीही चालू शकते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर भ्रूणात जनुक कापल्यावर काही ठिकाणी गुणसूत्राचा तुकडा किंवा अख्खं गुणसूत्रच नाहीसं झालेलं दिसलं. अक्षर न कापता बदलण्याची नवी पद्धत त्यापेक्षा सौम्य आहे, फिलाडेल्फियात तीच वापरली, आणि या घरातलं अक्षर कागदावर तरी त्या पद्धतीने बदलण्याजोगं आहे. हे त्यांनी लपवलं नाही. पण माप घ्यायचं ते बाळ जन्मल्यावर, मोठं झाल्यावर, त्याला मुलं झाल्यावर. आणि मापात बसलं नाही तर भंगार नाही.

त्याने कागदावरचं चित्र स्वतःकडे ओढून घेतलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. त्याच्यापुरता विषय संपला होता.

तिच्यापुरता नाही

हे प्रकरण सांगताना लोक इथे थांबतात, म्हणून तिचं म्हणणं मला सविस्तर लिहायचं आहे. ती म्हणाली, "ऐकणारं बाळ मला आवडेल." त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. तिने डोळे वळवले नाहीत.

मागच्या पावसाळ्यात ती ताप अंगावर घेऊन एका दवाखान्यात गेली होती. तिथे नंबर पुकारतात. तिचा नंबर सकाळी दहालाच पुकारून झाला होता आणि ती दुपारी दोनपर्यंत बाकावर बसून होती. "बाळ ऐकणारं असलं की नंबर ऐकेल."

तो म्हणाला, "नंबरसाठी बाळ? त्यांनी नंबरची पाटी लावावी."

ती म्हणाली, "पाटी लागेपर्यंत बाळ मोठं होईल."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. कर्णबधिरपण हा आजार नसून वेगळी भाषा, वेगळा समाज आहे, हे मी व्याख्यानांत सांगत आले आणि ते मला पटतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खुणेची भाषा संवादाचं साधन म्हणून मान्य केली, दिल्लीच्या संस्थेने २०२१ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश पुरा केला, या गोष्टी मी अभिमानाने सांगते. पण सांगलीच्या बाकावर चार तास बसलेल्या बाईला ऐकणारं मूल हवंसं वाटलं तर तिने स्वतःच्या समाजाचा द्रोह केला असं मी म्हणणार नाही. तिनेच नंतर मला शिवणयंत्राशेजारी बसून विचारलं, "ते बाळ मग माझ्यासाठी ऐकणार का बाई, का त्याच्यासाठी?" शाळेत मी अशी ऐकणारी मुलं पाहिली आहेत, आठव्या वर्षी बँकेत, तलाठ्याकडे, दवाखान्यात आईवडिलांची दुभाषी झालेली. काहींना ते जमतं. काहींचं बालपण त्यात जातं. तिला हे मी सांगितलं. ती ऐकून घेते, मानतेच असं नाही.

त्याची चीड कुठून येते तेही मला ठाऊक आहे. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलची आई आणि बायको दोघीही कर्णबधिर, तरी १८८३ मध्ये त्याने बहिऱ्यांनी बहिऱ्यांशी लग्नं केली तर माणसाची बहिरी जात तयार होईल असा इशारा दिला. पन्नास वर्षांनी, १९३३ च्या जर्मन कायद्याने आनुवंशिक बहिरेपण असलेल्यांची सक्तीने नसबंदी सुरू केली. इतक्या लांब तरी कशाला जायचं? मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये मार्च २०१७ मध्ये बेकायदा गर्भपातांनंतर पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भाची तब्येत बघायला आणलेलं सोनोग्राफीचं यंत्र आपल्या जिल्ह्यात मुलगी ओळखून पाडायला कसं वापरलं गेलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. 'नको असलेलं' मूल ओळखायची सोय हातात आली की नको असलेल्याची यादी कोण लिहितं, हा प्रश्न इथे पुस्तकी नाही.

दाता

बैठकीच्या शेवटी डॉक्टरांनी एक पर्याय सांगितला. तोवर सगळे तो विसरले होते. दात्याचं बीजांड किंवा दात्याचे शुक्राणू घेतले, आणि दाता या बदलाचा वाहक नाही हे तपासून घेतलं, तर या जनुकामुळे बाळ बहिरं होणार नाही. २०२१ च्या सहायक प्रजनन कायद्याच्या चौकटीत हे करता येतं. जमीन विकावी लागणार नाही. आत्या जे मागत होत्या ते, म्हणजे ऐकणारं नातवंड, आजच्या आज शक्य होतं.

आत्या ताठ बसल्या. "दुसऱ्याचं रक्त? मग ते आपलं कसं व्हायचं?"

मी ते वाक्य हातांनी पुढे दिलं. आणि गंमत नाही, खरं सांगते, त्या दोघांनीही मान हलवली. या वेळची मान होकाराची होती. त्यालाही दाता नको होता, तिलाही. तो म्हणाला, "आमचं बाळ, आमच्यासारखं."

त्या दुपारपासून या विषयाकडे बघण्याची माझी जागा बदलली. तोवर मी समजत होते की वाद आरोग्याचा आहे : एका बाजूला ऐकू येणं, दुसऱ्या बाजूला धोका. पण ऐकू येणाऱ्या मुलासाठी संपादन लागतच नाही. संपादन लागतं ते मूल ऐकणारंही हवं आणि रक्ताचंही हवं, या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात म्हणून. म्हणजे दीड एकर विकून, बाळाच्या आणि त्याच्या वंशाच्या अंगावर न मापता येणारा धोका घालून जे मिळवायचं होतं ते कान नव्हते, रक्त होतं. आणि हे अक्षर या घरात दोन्ही बाजूंनी येऊन भेटलं ते बहुधा रक्त घरात राहावं याच हट्टातून. आत्यांना मी हे बोलून दाखवलं नाही. त्या आधीच पुरेशा भाजल्या आहेत, आणि मामाच्या मुलीची सोयरीक त्यांनी एकटीने शोधून काढलेली नाही.

आपलं मूल आपल्यासारखं असावं ही इच्छा मला चुकीची वाटत नाही. माझी मुलगी माझ्यासारखी हसते तेव्हा मला आनंद होतो. पण त्या इच्छेला उपचार म्हणणं चूक आहे. उपचार म्हटलं की धोका पत्करायचं कारण मिळतं, आणि इथे तो पत्करणारं मूल हो-नाही म्हणायला अजून जन्मलेलं नाही. जन्मलेल्या आजारी बाळाच्या यकृतावर जे केलं गेलं त्याला माझा मनापासून पाठिंबा आहे. भ्रूणात हे आज करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि उद्या ते सुरक्षित झालं तरी या घरासारख्या घरात आधी विचारावं लागेल की मागतंय कोण.

सध्या

जमीन विकली नाही. ती आता पाच महिन्यांची गरोदर आहे, नैसर्गिकपणे, दात्याशिवाय. बाळाला ऐकू येणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. जन्मल्यावर बेरा तपासणी होईल, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते यंत्राने पाहतील. कानाची नस शाबूत असल्यामुळे अशा मुलांना कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवलेल्या आणि आवाजाचे संकेत थेट नसेला देणाऱ्या यंत्राचा, फायदा चांगला होतो, पण ते जितकं लवकर बसवावं तितकं बरं, आणि सरकारी मदतीलाही वयाची मर्यादा असते. म्हणजे पुढचा निर्णय दारात उभा आहे. तो नाही म्हणतो. ती इम्प्लांट बसवलेल्या एका मुलीच्या घरी जाऊन आली आणि परतल्यावर दोन दिवस गप्प होती. बाळाशी खुणेची भाषा पहिल्या दिवसापासून बोलायची, इम्प्लांट होवो न होवो, एवढ्यावर दोघांचं एकमत झालंय. रात्री बाळ हललं की कळावं म्हणून बाळाच्या पायापासून आपल्या मनगटापर्यंत मऊ नाडी बांधायची, हे तिला शाळेतल्या एका मोठ्या मैत्रिणीने शिकवलं. ती नाडी तिने गणवेशाच्या उरलेल्या कापडातून शिवून ठेवली आहे.

आत्या नवससायास करतात. बेराच्या दिवशी त्या येणारच.

मागच्या भेटीत त्याने वहीचं पान फाडून स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली आणि डॉक्टरांना ती फाइलला टाचायला लावली. ओळ अशी आहे : "निकाल पहिला आम्ही दोघं. नंतर आई. बाई हात सगळं."

मी त्याखाली सही केली आहे.